मुलांबरोबर ईस्टर: आधी अंधार, मग मेणबत्ती

माझा थोरला चार वर्षांचा असताना मी त्याला पहिल्यांदा ईस्टरच्या आदल्या, पवित्र शनिवारच्या रात्री चर्चमध्ये नेलं. आत एकही दिवा नव्हता. माणसं बाहेर अंगणात जमली होती आणि कुणी बोलत नव्हतं. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, लाइट गेली का?" मी त्याला गप्प केलं. मग अंगणात शेकोटी पेटली, फादरांनी तिच्यावर मोठी मेणबत्ती पेटवली, आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात येत येत ज्योत आमच्या बाकापर्यंत आली. त्याची मेणबत्ती पेटली आणि लगेच मी ती फुंकून विझवली. पुढच्या बाईंच्या पदराला लागेल, याचे केस जळतील, अशी धास्ती वाटली. घरी येताना स्कूटरवर तो एवढंच म्हणाला, "सगळ्यांची पेटलेली होती. माझी का विझवलीस?"

मलाही तेव्हा त्या रात्रीचं फारसं काही कळत नव्हतं. माझं माहेर श्रीरामपूरकडचं, प्रॉटेस्टंट. आमच्याकडे ईस्टर म्हणजे रविवारी भल्या पहाटेची उपासना. सासर नाशिकरोडचं, कॅथलिक. इथे सगळा जोर शनिवारच्या रात्रीवर. कुठे उभं राहायचं, मेणबत्ती कधी पेटवायची, मुलाला कधी बाहेर न्यायचं, हे कुणी सांगत नाही, कारण बाकीच्यांना ते लहानपणापासून माहीत असतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. नाशिकला नुकतेच आलेले असाल, लग्नानंतर ख्रिस्ती घरात आला असाल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असूनही मुलांना ईस्टर म्हणजे चॉकलेटचं अंडं एवढंच माहीत असेल, तरी हे उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलांना ईस्टर, म्हणजे येशू मरणातून उठला तो दिवस, समजतो तो अंधारातून. आपण पालक घाईने शुक्रवार आणि शनिवार ओलांडतो आणि थेट रविवारच्या नव्या कपड्यांवर येतो. मुलाने अंधार पाहिलाच नसेल, तर मेणबत्ती त्याच्यासाठी वाढदिवसाच्या केकवरचीच राहते.

१. तारीख आणि वेळ पक्की करा

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा नियम. त्यामुळे सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांतच पडतो. आपल्या पंचांगाच्या सवयीने सांगायचं तर कधी होळीनंतरचा रविवार, कधी हनुमान जयंतीनंतरचा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, २०२८ मध्ये १६ एप्रिलला. मार्चमधला ईस्टर शाळेच्या परीक्षांच्या तोंडावर येतो, तेव्हा वेळापत्रक आधी बघा.

या रविवारआधीचा आठवडा म्हणजे पवित्र आठवडा: झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे, पवित्र शनिवार. आपल्याला सुट्टी मिळते ती फक्त शुक्रवारची. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असेल तर रजा आधीच टाकून ठेवा. त्या दिवशी घरी असणं फार गरजेचं आहे.

शनिवारचा जागरणविधी अंधार पडल्यावरच सुरू व्हावा असा चर्चचा नियम आहे. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पण कुठे आठला सुरू होतं, कुठे साडेदहाला. आधीच्या रविवारी सूचनाफलक बघा किंवा कार्यालयात विचारा. मागच्या वर्षीच्या वेळेवर विसंबून राहू नका. आम्ही एकदा असेच अर्धा तास उशिरा पोहोचलो. शेकोटी होऊन गेली होती, आत मेणबत्त्या पेटल्या होत्या, आणि मुलांना अंधार पाहायलाच मिळाला नाही. मुलांना घेऊन जाताना त्या रात्रीतलं सगळ्यात मोलाचं असतं ते पहिल्या वीस मिनिटांतच.

२. कुठे जायचं ते ठरवा, आणि आधी एकदा जाऊन या

नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर फेब्रुवारीतल्या यात्रेमुळे सगळ्यांना ठाऊक असतं. त्र्यंबक नाक्याकडे होली क्रॉस चर्च आहे. शरणपूर रोडवरचं सेंट अँड्र्यूज चर्च हे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'चं, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरेतलं. तुम्ही ज्या परंपरेतले, तिथे जा. दोन्हीकडची मुळं असतील तर आमच्यासारखं करा: शनिवारची रात्र एकीकडे, रविवारची पहाट दुसरीकडे.

लहान मुलं असतील तर आधी एखाद्या संध्याकाळी चर्च रिकामं असताना त्यांना घेऊन जा. दार कुठे, बाक कुठे, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, वेदीजवळची ती उंच मेणबत्ती कुठे असते, सगळं दाखवा. ओळखीच्या जागेतल्या अंधाराची मुलांना तेवढी भीती वाटत नाही.

नव्याने राहायला आला असाल तर कार्यालयात कुटुंबाची नोंद करून घ्या. त्याच वेळी मुलाच्या बाप्तिस्म्याचाही विचार असेल तर बहुतेक ठिकाणी हे कागद मागतात:

- मुलाचा जन्मदाखला
- आई-वडिलांच्या चर्चमधल्या विवाहाचा दाखला
- धर्ममाता आणि धर्मपिता होणाऱ्यांचे चर्चचे दाखले
- आधीच्या चर्चमधून आला असाल तर तिथल्या फादरांचं किंवा पाळकांचं पत्र

ईस्टरच्या रात्रीच बाप्तिस्मा व्हावा असं वाटत असेल तर निदान तीन-चार महिने आधी बोला. पवित्र आठवड्यात फादरांना गाठून हे विचारू नका. तेव्हा त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते. आणि मोठ्या माणसाला स्वतःला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर शिकवणीचे वर्ग बरेच महिने चालतात, ते घाईने उरकत नाहीत.

३. सामान

- सात साध्या पांढऱ्या मेणबत्त्या, शुक्रवारसाठी
- दर माणशी एक जाडसर मेणबत्ती, शनिवारसाठी. बारीक मेणबत्ती लवकर वितळते आणि हातात वाकते
- प्रत्येक मेणबत्तीला एक चकती, मेण हातावर ओघळू नये म्हणून
- मातीचं पसरट भांडं, थोडी माती, मूठभर गहू
- काडेपेटी. लायटर लहान मुलांना फार आवडतो, म्हणून तो घरातच नको
- सुती कपडे
- कांद्याच्या सालींची पिशवी. मार्चपासून साठवायला घ्या, पुढे सांगते कशासाठी
- पाण्याची बाटली आणि ओला रुमाल

चकती घरीच करा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद तळहाताएवढा गोल कापायचा, मधोमध फुलीसारखी चीर द्यायची आणि खालून मेणबत्ती घुसवायची. कागदी कपाच्या बुडाला चीर देऊन केली तर आणखी चांगली, मेण कपातच साठतं. हे काम मुलांनाच द्या.

कपड्यांचं मनावर घ्या. सणाचा म्हणून जाळीचा, चमकदार, फुगीर फ्रॉक शनिवारच्या रात्री घालू नका. सिंथेटिक कापड पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं. मुलींचे केस घट्ट बांधा. ओढणी, पदर, ढगळ बाह्या सगळं खोचून घ्या. नवे कपडे रविवारी.

४. झावळ्यांचा रविवार: गहू पेरा

या दिवशी मुलांना हातात झावळी मिळते. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. घरी आल्यावर पातीचा क्रूस विणायला शिकवा, आणि झावळी टाकून देऊ नका. ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायची. पुढच्या वर्षी चर्चमध्ये जुन्या झावळ्या गोळा करतात, त्या जाळून केलेली राख उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी कपाळावर लावतात. मुलांना हे सांगितलं की ती वर्षभर त्या झावळीवर लक्ष ठेवतात.

त्याच दुपारी गहू पेरा. घटस्थापनेला पेरतात तसेच: रात्रभर भिजवलेले गहू, मातीचा पातळ थर, वर पुन्हा माती, रोज पाण्याचा शिपका. आठवड्याने, बरोबर ईस्टरला, बोटभर हिरवं उगवलेलं असतं. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असं येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो. हे वचन मुलांना पाठ करायला लावू नका. बुधवारपर्यंत मातीत काहीच दिसत नसताना मूल विचारतंच, "मेले का गहू?" तेव्हा सांगा.

इथे एक चूक होते. मुलं प्रेमाने खूप पाणी घालतात आणि दाणे कुजतात. लहान चमचा द्या, तांब्या नको. भांडं सावलीत ठेवा.

५. पवित्र गुरुवार

चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. घरी तेच करा, पण उलट्या क्रमाने नको: आई-वडिलांनी मुलांचे पाय धुवायचे. आपल्याकडे मोठ्यांच्या पाया पडायची रीत आहे, त्यामुळे मुलांना हे फार नवलाचं वाटतं. माझी धाकटी पाय मागे घेते. येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा पेत्रानेही तेच केलं होतं. परात, कोमट पाणी, टॉवेल, बस. भाषण नको.

रात्रीच्या मिस्सानंतर, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेनंतर, वेदीवरची वस्त्रं, फुलं सगळं उचलतात. शक्य असेल तर ते पाहायला थांबा. त्या रात्री गौरवगीताला वाजलेल्या घंटा शनिवारच्या रात्रीपर्यंत पुन्हा वाजत नाहीत. मुलांना आत्ताच सांगून ठेवा: "आता घंटा गप्प. कधी वाजतात ते तू ऐक."

६. गुड फ्रायडे: सात मेणबत्त्या विझवायच्या

चर्चमध्ये दुपारी तीनच्या सुमारास विधी असतो. कॅथलिकांकडे त्या दिवशी मिस्सा नसते: दुःखसहनाचं वाचन, क्रुसाचं वंदन आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये दुपारी क्रुसावरच्या सात उद्गारांवर उपासना होते, तीन तासही चालते. उन्हाळ्याच्या दुपारी सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तीन तास बसवून ठेवू नका. अर्धा तास बसू द्या, मग बाहेर झाडाखाली.

घरचा विधी रात्री करा. ही आमच्या घरची पद्धत: सातही उद्गार माहेरचे, मेणबत्त्या विझवायची कल्पना जुन्या युरोपीय मठांमधली. तिथे पवित्र आठवड्यात त्रिकोणी घडवंचीवरच्या पंधरा मेणबत्त्या स्तोत्रं म्हणत एकेक करून विझवत.

पंखा बंद करा, नाहीतर ज्योती राहत नाहीत. खिडक्या उघड्या असू द्या, पडदे बांधून ठेवा. स्टीलच्या ताटात थोडी वाळू किंवा पाणी घाला आणि सात मेणबत्त्या उभ्या करा. घरातले सगळे दिवे घालवा, टीव्हीखालचा लाल ठिपकासुद्धा. मग एकाने एकेक उद्गार आपल्या शब्दांत सांगायचा आणि एका मुलाने एकेक मेणबत्ती विझवायची:

१) बापा, यांना क्षमा कर, हे काय करतात ते यांना समजत नाही.
२) आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. (बाजूच्या चोराला)
३) बाई, हा पाहा तुझा मुलगा. आणि शिष्याला: ही पाहा तुझी आई.
४) माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?
५) मला तहान लागली आहे.
६) पूर्ण झालं आहे.
७) बापा, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो.

सातवी विझली की दोन मिनिटं तसंच बसा. मोठ्यांनाच हे जड जातं. कुणीतरी "चला" म्हणून बटण दाबतं. दाबू नका. मुलाला मांडीवर घ्या, हात धरा, पण अंधार राहू द्या. नंतर मोठा दिवा न लावता स्वयंपाकघरातल्या मंद उजेडात पेज वाढा आणि झोपवा.

मरणाबद्दल बोलताना "येशू झोपला" असं म्हणू नका. लहान मूल मग झोपायला घाबरतं. "मेला" हाच शब्द वापरा. खिळे, रक्त, काटे यांची वर्णनं सहाच्या आतल्या मुलांना नकोत. चौथा उद्गार मात्र गाळू नका. देव दूर गेल्यासारखा वाटतो असं येशूही म्हणाला, हे मुलांनी ऐकलेलं बरं. माझा थोरला नववीतल्या मुलांनी त्रास दिला तेव्हा हेच वाक्य आठवून माझ्याकडे आला होता.

उपवासाचं थोडक्यात: कॅथलिकांमध्ये मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि उपवासाचा अठरा ते एकोणसाठ या वयात. लहान मुलांवर लादू नका. त्यांना स्वतःहून काय सोडावंसं वाटतं ते विचारा.

७. पवित्र शनिवारचा दिवस

या दिवशी चर्चमध्ये काहीच नसतं. वेदी उघडी, घंटा गप्प. मुलांना हा दिवस लांबलचक वाटतो आणि तो तसाच वाटायला हवा. त्यांना दोन कामं द्या.

पहिलं, द्राक्षबागेत जाऊन या. दिंडोरी, पिंपळगाव, ओझर, कुठेही ओळखीची बाग असेल तिथे. नाशिकला राहून हे पाहायचं राहून जाणं मला चुकीचं वाटतं. माल निघून गेला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. आधी पानांनी भरलेला मांडव पार बोडका होतो, नुसती काळी खोडं आणि आखूड कापलेल्या काड्या. मुलांना विचारा, जिवंत आहे का? हात लावून पाहू द्या. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा घेऊन जा, त्याच काड्यांवर पोपटी फुटवे आलेले असतात. "मी द्राक्षवेल, तुम्ही फाटे" हे येशूचं वाक्य दिंडोरीच्या पोराला जेवढं कळेल तेवढं क्वचितच कुणाला कळेल. ईस्टर मार्चमध्ये असेल तर छाटणी नंतर होते, तेव्हा बाग ईस्टरनंतरच्या आठवड्यात पाहा.

दुसरं काम अंड्यांचं. विकतची बदामाच्या पिठाची आणि चॉकलेटची अंडी आणा हवं तर, पण घरी रंगवण्यात मुलांचा जीव जास्त रमतो. रंगाची पुडी नको, आपल्याकडे कांदा आहे. लासलगाव तास-दीड तासावर असताना दुसरा रंग कशाला?

- आठ-दहा उन्हाळ कांद्यांच्या कोरड्या साली एक लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळा आणि पाणी गाळून घ्या.
- पाणी पूर्ण गार झाल्यावर त्यात दोन चमचे व्हिनेगर घाला.
- पांढऱ्या कवचाची अंडी घ्या. कवचावर कोथिंबिरीचं ओलं पान चिकटवा, वरून जुन्या पातळ मोज्याचा तुकडा ताणून गाठ मारा.
- अंडी त्या गार पाण्यात ठेवून मंद आचेवर चढवा, उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं. गार होईपर्यंत तिथेच राहू द्या.

मोजा सोडला की विटकरी अंड्यावर पानाची पांढरी नक्षी. पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांत अंडी लालच रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि बंद कवच म्हणजे बंद कबर. ईस्टरला दोघांनी अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल त्याची कबर उघडली. उकडलेली अंडी आपल्या उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्येच ठेवा.

दुपारी मुलांना नक्की झोपवा.

८. शनिवारची रात्र

पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि बाहेर शेकोटीजवळच थांबा, आत जागा धरायला धावू नका. मुलाला सांगा: "आज लाइट मुद्दाम घालवली आहे."

नव्या आगीवर आशीर्वाद मागतात. मोठ्या मेणबत्तीवर, तिला पास्खा मेणबत्ती म्हणतात, फादर क्रूस कोरतात. ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर असतं, आणि चालू वर्षाचे चार आकडे. पाच जखमांच्या खुणा म्हणून धुपाचे पाच दाणे खोचतात. मुलाला खांद्यावर घेऊन ते आकडे वाचू द्या. आपण जगतो तेच वर्ष त्या मेणबत्तीवर लिहिलेलं पाहून मुलं थबकतात.

मग ती मेणबत्ती पुढे आणि सगळे मागे, अंधाऱ्या चर्चमध्ये. तीन ठिकाणी थांबून "ख्रिस्ताचा प्रकाश" असं गातात. दुसऱ्यांदा थांबल्यावर लोकांच्या मेणबत्त्या पेटायला लागतात. इथे मुलाला शिकवायची एकच गोष्ट: पेटलेली मेणबत्ती सरळ राहते, विझलेली वाकते. पेटलेली वाकवली की गरम मेण दुसऱ्याच्या हातावर सांडतं. घरी दोन न पेटवलेल्या मेणबत्त्यांनी दहा वेळा सराव करा.

कुणाला काय द्यायचं, ते माझ्या अनुभवाने सांगते. तीनच्या आत मेणबत्ती नको, तुमची दाखवा. चार ते सात वर्षांच्या मुलाची मेणबत्ती तुमच्या आणि त्याच्या हातात मिळून, तुम्ही त्याच्या मागे उभे, रांगेच्या कडेला. आठनंतर स्वतःची स्वतः. बॅटरीवर चालणारी खोटी मेणबत्ती मी देत नाही. रामकुंडावर द्रोणातला दिवा सोडताना आपलीच मुलं ज्योतीला हाताचा आडोसा धरतात, त्यांना आगीची कदर असते. आणि त्यांची ज्योत फुंकू नका. भीती वाटली तर हात धरा.

मेणाचा चटका बसला तर बाहेर नळाखाली वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. कपड्याला आग लागली तर मुलाला पळू देऊ नका, खाली आडवं करून लोळवा.

यानंतर मेणबत्त्या घेऊन एक लांब स्तुतिगीत होतं, मग मेणबत्त्या विझवतात आणि वाचनं सुरू होतात. जुन्या करारातली सात असू शकतात, बऱ्याच ठिकाणी कमी घेतात, पण निर्गमातलं, इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटून तांबडा समुद्र ओलांडतात ते वाचन कधीच वगळत नाहीत. मुलं इथेच कंटाळतात. म्हणून ही गोष्ट आधी घरी सांगून ठेवा, आणि तिला जोडून आपल्या शरणपूरची सांगा. शरणपूर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी वसवलेलं ख्रिस्ती गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहत, शिकत. त्यांतला एक, जेकब वेनराइट, पुढे आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर ज्या सोबत्यांनी त्यांचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला त्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही तो हजर होता. गुलामीतून सुटका म्हणजे काय हे सांगायला मिसरपर्यंत जायला नको. शाळेची बस ज्या रस्त्याने जाते तिथली मुलं आहेत ही.

जुन्या करारातल्या शेवटच्या वाचनानंतर गौरवगीत सुरू होतं, सगळे दिवे लागतात आणि घंटा वाजतात. झोपलेल्या मुलाला त्याच्या आधी जागं करा. गुरुवारी सांगितलेलं त्याला आठवतं का बघा. काही ठिकाणी मुलांना घरून छोटी घंटी आणू देतात, विचारून घ्या. पुढे पाणी शिंपडतात तेव्हा मेणबत्त्या पुन्हा पेटवून बाप्तिस्म्याची वचनं नव्याने देतात, म्हणून मेणबत्ती आधीच पिशवीत कोंबू नका.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ज्यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद झालेला नाही अशी मुलं, आणि बाप्तिस्मा न झालेले जोडीदार, प्रसाद घेत नाहीत. मुलांना छातीवर हात दुमडून रांगेत पाठवता येतं, फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. हे घरून निघतानाच सांगा, रांगेत नको. मूल तिथे हिरमुसतं.

मूल फारच पेंगुळलं तर घंटांनंतर निघा. कुणी काही म्हणत नाही, आणि म्हणालं तरी चालेल.

९. रविवारची पहाट

सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो. प्रॉटेस्टंट मंडळींची उपासना त्याआधी, अनेक गावी ख्रिस्ती कबरस्थानात. लहानपणी आम्ही अंधारात मोगरा घेऊन जायचो आणि आजोबांच्या कबरीजवळ उभं राहून गायचो. उजाडलं की पाळक म्हणायचे, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे, "खरोखर उठला आहे!" रात्री मिस्साला गेला असाल तर हे घरच्या गच्चीवर करा. मुलांना उठवा, शनिवारची मेणबत्ती पेटवा आणि मरीया मग्दालीयेची गोष्ट सांगा: ती पहाटे कबरीशी गेली, रडत होती, समोर उभा असलेला माळीच आहे असं तिला वाटलं, आणि त्याने नुसतं नावाने हाक मारल्यावर तिने ओळखलं. मग तुम्हीही प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारा आणि त्याच्या हातात मेणबत्ती द्या. त्यानंतर गव्हाचं भांडं, अंडी, नवे कपडे, शेजारी फराळ, सगळं.

कपड्यांवर मेण सांडलेलं असेल तर कपडा फ्रिजरमध्ये ठेवून मेण खरवडा, मग वर-खाली टीपकागद ठेवून इस्त्री फिरवा.

१०. पुढचे पन्नास दिवस

ईस्टर पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस चालतो. तोवर पास्खा मेणबत्ती वेदीजवळ असते. घरी दर रविवारी जेवणाआधी तुमची मेणबत्ती पाच मिनिटं पेटवा.

पन्नास दिवसांनंतर ती मोठी मेणबत्ती बाप्तिस्म्याला पेटवतात, आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ ठेवतात. सासूबाई गेल्या तेव्हा ऑगस्ट होता, बाहेर पाऊस. धाकटी पाच वर्षांची होती. पेटीकडे ती बघत नव्हती, मेणबत्तीकडे बघत होती. तिच्यावरचे आकडे तिने एकेक करून वाचले आणि माझा हात ओढून म्हणाली, "ही शनिवारची ना? आजीने माझी हिच्यावरूनच पेटवली होती."

उरलेले तुकडे टाकू नका. डब्यात घालून, वर्ष लिहून ठेवा. डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, कारण कपाटात ठेवल्या तर मे महिन्यात सगळ्या मेणबत्त्या वाकतात.